कॉफीच्या बिया घरी भाजताना आच किती ठेवावी?

राजारामपुरीकर (प्रश्न)
नमस्कार. चिकमगळूरहून कच्च्या कॉफीबिया मागवून मी त्या घरीच भाजतो. प्लांटेशन ए आणि रोबस्टा चेरी हे कच्च्या कॉफीचे दोन प्रकार निम्मे-निम्मे एकत्र करून पाव किलोचा घाणा बिडाच्या कढईत घेतो आणि उलथन्याने परततो. आच मोठी ठेवली तर बिया बाहेरून काळ्या होतात, पण फोडून पाहिल्यास गाभा फिकट दिसतो आणि कॉफीला कच्चट, उग्र वास येतो. आच मंद ठेवून अर्धा तास परतल्यास रंग बराचसा सारखा येतो, मात्र कॉफी अगदीच सपक लागते. कढईवर चांगली भाजणी साधते का, आणि साधत असेल तर आच नेमकी कशी ठेवावी?

शाहूपुरी_फिल्टर
कढईवर उत्तम भाजणी साधते, परंतु पाव किलोचा घाणा घरच्या कढईसाठी फार मोठा आहे. कढईत उष्णता मुख्यतः धातूच्या स्पर्शातून मिळते, त्यामुळे ढीग असला की तळाच्या बिया करपतात आणि वरच्या त्याच वेळी नुसत्या कोमट होत असतात. शंभर ते सव्वाशे ग्रॅम बिया घ्याव्यात, म्हणजे परतताना प्रत्येक बी तळाला लागून लगेच वर येते.

शेंगदाण्यांना मंद आच मानवते, तशी ती कॉफीला मानवत नाही. कच्च्या बीमध्ये साधारण १० ते १२ टक्के ओलावा असतो. तो निघून जाताना हिरवट बी पिवळी पडते आणि धान्य भाजल्यासारखा खमंग वास येऊ लागतो. पुढे सुमारे १५० अंश सेल्सिअसनंतर ती तपकिरी होऊ लागते आणि कॉफीचा खरा स्वाद इथून तयार होतो. बीचे तापमान २०० अंशांच्या जवळ पोहोचले की आत कोंडलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या दाबाने ती तडकते, आकाराने फुगते आणि तिच्या मधल्या चिरेतला पापुद्रा सुटून उडतो. हाच फर्स्ट क्रॅक. अर्धा तास रेंगाळत भाजले, तर बी तपकिरी होते, पण स्वाद पुरता फुलत नाही. आपल्याला जाणवणारा सपकपणा हाच आहे.

म्हणून कढई आधी तापवून घ्यावी, मध्यम आचेवर बिया टाकाव्यात आणि हात न थांबवता आठ-दहा मिनिटांत पहिली तडतड ऐकू येईल अशा बेताने आच राखावी. तडतड सुरू होताच आच कमी करावी, कारण या टप्प्यावर रंग फार झपाट्याने बदलतो. फिल्टर कॉफीसाठी पुढे दोन-तीन मिनिटे पुरेशी होतात. सुमारे २२५ अंशांना दुसरी, अधिक बारीक आणि घाईची तडतड सुरू होते व बियांवर तेल दिसू लागते. तिथवर नेल्यास कडवटपणा वाढतो आणि बीची मूळ चव लोपते, असे माझे मत आहे.

पंचगंगाकाठ
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट त्यात राहिली. प्लांटेशन ए म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, तर रोबस्टा चेरी हे फळासकट वाळवलेले बी. दोन्हींचा आकार, घनता आणि भाजण्याचा वेग निराळा असल्याने ती एकत्र भाजल्यास एक करपते किंवा दुसरी कच्ची राहते. वेगवेगळे घाणे भाजून नंतर मिसळावे. मिळाल्यास पीबेरी, म्हणजे फळात दोनऐवजी एकच धरलेली बी, जरूर घ्यावी. ती गोल असल्याने कढईत सहज लोळते, उलट नेहमीची बी सपाट बाजूवर बसते आणि तिथेच डागते.

भाजून झाल्यावर बिया कढईत ठेवू नयेत. गॅस बंद केला तरी बीड तापलेलेच असते आणि भाजणी चालू राहते. बिया लगेच दोन स्टीलच्या चाळण्यांत आलटूनपालटून पंख्यासमोर ओताव्यात, म्हणजे त्या तीन-चार मिनिटांत निवतात आणि पापुद्रेही पाखडले जातात. ताज्या बियांतून बराच वायू बाहेर पडत असतो, म्हणून किमान दोन-तीन दिवस थांबून मगच दळावे.

मंगळवार_पेठ_स्वयंपाकघर
आच आणि घाण्याविषयी वर सविस्तर आले आहे. मी भांडे आणि साठवणीविषयी लिहिते. ज्या कढईत कांदा-लसूण चटणीचा मसाला भाजला जातो, ती कॉफीला वापरू नये. बीड तेल आणि वास धरून ठेवते आणि कॉफीला परका वास लगेच लागतो. नॉनस्टिक भांडे तर मुळीच घेऊ नये. एवढ्या तापमानाला त्याच्या थरातून अपायकारक धूर निघू शकतो. खिडकी उघडी ठेवावी आणि शेगडीवर पडणारे पापुद्रे वेळोवेळी दूर करावेत, ते पटकन पेट घेतात.

कोल्हापुरात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की गोणीत ठेवलेल्या कच्च्या बिया ओलावा ओढून घेतात आणि त्यांना बुरशी येऊ शकते. जूनपूर्वीच त्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवाव्यात.

राजारामपुरीकर
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. एकच शंका उरते: चिमणीच्या आवाजात तडतड नीट ऐकू आली नाही, तर भाजणी पुरेशी झाली हे कसे ओळखावे?

शाहूपुरी_फिल्टर
बिया भाजण्यापूर्वी आणि निवल्यावर वजन करावे. मध्यम भाजणीत वजन साधारण १४ ते १६ टक्के घटते, म्हणजे शंभर ग्रॅमचे ८५ ग्रॅमच्या आसपास राहिले तर भाजणी बरोबर झाली. ९० ग्रॅमच्या वर राहिले तर ती अपुरी आहे, आणि ८० किंवा त्याहून खाली गेले तर फार गडद झाली आहे. प्रत्येक घाण्याची वेळ आणि वजन लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या घाण्याला आच कुठे वाढवायची हे त्या नोंदीवरून ठरवता येते.