जुने एचटीएमएल टॅग तपासणीत चूक धरावेत की केवळ सूचना?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांसाठी जावामध्ये लिहिलेली एक प्रणाली आम्ही सांभाळतो. तिच्या जुन्या जावाडॉक टिप्पण्यांत (कोडमधील ज्या टिप्पण्यांतून माहितीची एचटीएमएल पाने तयार होतात) ‘सेंटर’, ‘फॉन्ट’, ‘टीटी’ (टंकलेखनासारखी समान रुंदीची अक्षरे) हे टॅग आणि तक्त्यांना ‘अलाइन’, ‘सेलपॅडिंग’ हे गुणधर्म जागोजागी आहेत. जेडीके ८ (जावाचा विकास-संच) सोडून पुढच्या आवृत्तीवर जाताना डॉकलिंट, म्हणजे या टिप्पण्या तपासणारे साधन, त्यांवर अडते. एचटीएमएलची तपासणीच बंद करावी, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. आपण काय कराल?

उत्तर १ (सातारा)
डॉकलिंटमधील एचटीएमएल तपासणीचा गट बंद करू नका, कारण शेवटची खूण न दिलेला टॅग किंवा चुकीच्या जागी आलेला टॅग हेही त्याच गटात पकडले जातात. जुना टॅग कशासाठी वापरला होता, हे आधी पाहावे. ‘सेंटर’ आणि ‘फॉन्ट’ केवळ देखाव्याचे असल्याने बहुतेक ठिकाणी ते सरळ काढता येतात. दराच्या रकान्यातील ‘अलाइन’ मात्र नुसते काढू नका. आकडे उजवीकडे एका रेषेत असले तरच क्विंटलचे दर वाचायला सोपे जातात, म्हणून तिथे स्टाइल (सीएसएसची मांडणी-सूचना) द्या. ‘टीटी’ऐवजी जावाडॉकचा ‘@कोड’ (मजकूर कोड म्हणून जसाच्या तसा दाखवणारा टॅग) सर्वांत बरा, पण मूळ मजकुरात ‘<’ चिन्हासाठी ‘&एलटी;’ अशा धर्तीचा संकेत लिहिलेला असेल, तर तो पानावर जसाच्या तसा छापला जाईल. त्यामुळे सरसकट शोधा-आणि-बदला करणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर २ (सांगली)
वरील मताशी सहमत आहे. यात एक भर घालतो: तपासणीच्या साधनातील कालबाह्य टॅगांची यादी एचटीएमएलच्या आवृत्तीशी बांधलेली असावी. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ने ‘एस’ (खोडरेषा) आणि ‘यू’ (अधोरेखा) हे टॅग टाळावेत असे म्हटले होते, तर २०१४ च्या एचटीएमएल ५ ने त्यांना नवा अर्थ देऊन ठेवून घेतले. जुनी यादी वापरणारे साधन इथे विनाकारण तक्रार करते. ‘ए’ (दुव्याच्या) टॅगवरील ‘नेम’ हा पानावरील जागेला नाव देणारा गुणधर्म काढून ‘आयडी’ दिल्यास नाव तेच राहिल्याने जुने दुवे चालू राहतात, मात्र त्यात मोकळी जागा चालत नाही आणि तेच नाव पानावर पुन्हा येता कामा नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. नवीन पॅकेजेसमध्ये जुना टॅग ही चूकच मानू. जुन्यांसाठी कंपायलरच्या डॉकलिंट पर्यायातून पॅकेजनिहाय सवलत देऊ आणि दरपत्रकाच्या पॅकेजपासून दुरुस्ती सुरू करू, कारण तिथे ‘अलाइन’ सर्वाधिक आहे.