ट्विन वेबर सिंक करायला कान पुरेसा की गेज हवंच?

डबलबॅरल_पुणे
विषय सरळ मांडतो. माझी प्रीमियर ११८एनई आहे, दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी खपून बांधलेली. इंजिन मूळचंच, निसानचं ए१२, ११७१ सीसी, कॅम बदललाय आणि एका कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) जागी दोन ४० डीसीओई वेबर, दोन-दोन घशांचे कार्ब, टाकलेत, म्हणजे चार सिलिंडरला हवा-पेट्रोल घ्यायला चार स्वतंत्र घसे. एवढ्याशा इंजिनाला दोन कार्ब कशाला असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, जपानात याच इंजिनाच्या सनी १२०० जीएक्सला खुद्द कंपनीने दोन कार्ब दिले होते आणि ८३ पीएस काढले होते.

माझं मत असं की दोन कार्ब कानाने सिंक करायचे, म्हणजे सगळ्या घशांतून सारखी हवा जाईल असं जुळवायचे, दिवस संपले. आपल्याकडे अजून बरेच मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं ट्रम्पेटच्या (घशावरच्या कर्ण्याच्या) तोंडाशी धरतात, हवेचा आवाज ऐकतात, इकडे पाव फेरा तिकडे पाव फेरा, आणि झालं साहेब म्हणून बोनेट खाली. मी दोन ठिकाणी असं करून घेतलं, दोन्ही वेळा आठवड्याभरात गाडी स्लोला, म्हणजे पेडल सोडून उभी असताना, डुगडुगायला लागली. शेवटी सिंक्रोमीटर, घशातून किती हवा जाते ते मोजणारं गेज, घेतलं आणि स्वतः बसलो. आधी टॅपेट, टायमिंग, कॉम्प्रेशन, मॅनिफोल्डचं पॅकिंग एअर घेतंय का, पेट्रोलचं प्रेशर तीन पीएसआयच्या आसपास आहे का, हे सगळं बघून घेतलं, कारण यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर कार्बला हात लावून उपयोग नाही.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. स्लोचा स्क्रू लिव्हरला टेकल्यापासून अर्धा फेरा, फार तर एक. त्याच्यापुढे गेलात की बटरफ्लायची (घशातल्या हवेच्या झडपेची) कड प्रोग्रेशनच्या, म्हणजे स्लोवरून उचल घेताना पेट्रोल देणाऱ्या, भोकांवरून सरकते, इंजिन तिथूनच पेट्रोल ओढायला लागतं आणि मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, इंजिनाला काही फरक पडत नाही. लोक तासन्‌तास तो स्क्रू फिरवत बसतात आणि शिव्या कार्बला.

आता चारही घशांवर रीडिंग साडेतीन, म्हणजे तासाला साडेतीन किलो हवा, आणि स्लो ९५० वर स्थिर. २२०० ते २८०० च्या मध्ये गाडी अजून क्षणभर अडखळते, घाटात जास्त, पण ते जेटिंगचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकांच्या मापाचं, असावं. सिंक मात्र पक्कं झालं, आकडाच समोर आहे.

उद्यमनगर_कोल्हापूर
भावा, गाडी मन लावून बांधलीयस हे वाचूनच कळतंय, पण कानाबद्दल बोललास ते पटलं नाही. आमच्या वडलांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात इंजिनं उघडली, नळी कानाला लावूनच. कानाला किती किलो हवा जाते ते कळत नाही, कबूल, पण दोन आवाजांतला कुठला जाड आणि कुठला बारीक ते लगेच कळतं, आणि सिंक म्हणजे शेवटी तेवढंच की, दोन्हीकडं सारखं. शिवाय तुझं ते गेज घशावर दाबून धरलं की त्याच घशाची हवा अडते, आरपीएम खाली येतो, म्हणजे मोजता मोजताच तू इंजिन बदलतोयस. नळीनं काही अडत नाही.

तुला दोन जागी वाईट अनुभव आला तो घाईत काम करणाऱ्या माणसांचा, कानाचा नाही. दुसरं, तू सिंक बघितलंस ते स्लोला. स्लोला गाडी किती वेळ चालवणार तू? सिग्नलला. दोन्ही कार्ब एकत्र उघडतात का ते कुठं बघितलंस?

डबलबॅरल_पुणे
बघितलंय ना काका, बोनेटखालून लिंकेज (दोन्ही कार्ब एकत्र उघडणारा रॉड) हाताने उचलून २५०० ला धरलं होतं, चारही घशांवर सहा-सव्वासहा. आणि गेज हवा अडवतं हे खरं असलं तरी चारही घशांवर तेवढीच अडवतं, त्यामुळे तुलना बिघडत नाही. कान मात्र माणसागणिक वेगळा. तुमच्या वडलांचा कान होता तसा मला कुठून आणता येणार? मला आज, माझ्या गॅरेजमध्ये, एकट्याला करता येईल अशी पद्धत हवी आहे.

इंजेक्शन_ठाणे
दोघांचंही वाचलं आणि मला खरंच कळत नाही की एवढा जीव कार्बमध्ये का घालायचा. पुण्याहून महाबळेश्वरला गेलात की साधारण आठशे मीटर वर चढता, हवा आठेक टक्के पातळ होते, आणि कार्ब काही त्या हिशोबाने पेट्रोल कमी करत नाही, गाडी रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. थंडीत सकाळी नखरे वेगळे. कार्ब काढून इंजेक्शन लावा: चार थ्रॉटल बॉडी, एक प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर), एक वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा), विषय संपला. मी झेनवर केलंय, तीन वर्षांत बोनेट फक्त ऑइलसाठी उघडलं. खर्च होतो, पण वेबर, जेटचे डबे आणि वाया गेलेले रविवार धरले तर फार मोठा फरक राहत नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर
चार थ्रॉटल बॉडी म्हणजे चार बटरफ्लाय आलेच की. ते सिंक कोण करतं, ईसीयू?

इंजेक्शन_ठाणे
नाही, ते हातानेच करावं लागतं, आणि हो, त्याला मी गेजच वापरलं. पण एकदा. दर दोन महिन्यांनी नाही.

फियाटवाली_नाशिक
माझी पद्मिनी आहे, एकच सोलेक्स, त्यामुळे सिंकच्या वादात पडत नाही, पण एक मुद्दा कोणीच घेतला नाही आणि मला वाटतं दादांच्या अडखळण्याचा निम्मा भाग तिथे आहे. दादा, जेट कोणत्या चार्टवरून निवडलेत? तिकडचे जुने चार्ट साध्या पेट्रोलचे आहेत, आपण पंपावर भरतोय ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. साध्या पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे चार्टवरचा जेट तसाच ठेवला की गाडी सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी. ११५ चा मेन जेट १२० केला की भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्के वाढतं, म्हणजे एक पायरी वर गेलं की बऱ्यापैकी जागेवर येतं. आणि वाइडबँड लावणार असाल तर एअर-फ्युएलचा आकडा न बघता लॅम्डा (इंधन कुठलंही असो, १ म्हणजे बरोबर मिश्रण) बघा, मीटरवरचा १४.७ साध्या पेट्रोलच्या हिशोबाने लिहिलेला असतो. नीडल व्हॉल्व्हचं (कार्बमध्ये पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपेचं) रबर पण तपासा. माझं ई२० ने फुगलं होतं आणि तीन आठवडे मी फ्लोटची लेव्हल चुकलीय समजून फ्लोट वाकवत बसले होते.

डबलबॅरल_पुणे
ताई, हे फार कामाचं सांगितलंत. जेट चार्टवरूनच घेतले होते, ३० चा व्हेंच्युरी, मेन ११५, एअर १६५, एफ११ ट्यूब. १२० चे चार जेट मागवतो.

उद्यमनगर_कोल्हापूर
जेट मागव, पण त्याआधी एक कर. तू लिंकेज बोनेटखालून हाताने उचललंस म्हणालास. गाडी चालवताना तू हाताने उचलतोस का? आत कुणाला तरी बसव, पायाने पेडल दाबून २५०० ला धरायला सांग आणि तेव्हा दोन्ही कार्ब ऐक. गेजनं बघायचं तर गेजनं बघ, माझं काही म्हणणं नाही, पण पेडल दाबून बघ. तुझी केबल कुठं ओढते? मधे की एका टोकाला?

डबलबॅरल_पुणे
मागच्या कार्बच्या बाजूला, रॉडच्या टोकाला.

उद्यमनगर_कोल्हापूर
मग बघच.

डबलबॅरल_पुणे
बघितलं. रविवारी सकाळी बायकोला सीटवर बसवलं, इंजिन पूर्ण गरम, ती पेडल धरून २५०० वर स्थिर. मागच्या कार्बवर साडेसात, पुढच्यावर सहाच्या खाली. दोनदा घेतलं, तेच. नंतर लिंकेज रॉडच्या मधोमध बोटाने उचललं तर परत चारही सारखे. मग एक डोळा झाकून रॉडच्या रेषेत बघितलं. पेडल दाबल्यावर मागचं टोक आधी फिरतं, रॉडला पीळ बसतो, मग पुढचं टोक मागून येतं. आठ मिलिमीटरचा रॉड आहे आणि पुढच्या कार्बचं रिटर्न स्प्रिंग मी गरजेपेक्षा कडक लावलं होतं. म्हणजे मागचे दोन सिलिंडर मेन जेटवर गेलेले असतात तेव्हा पुढचे दोन अजून प्रोग्रेशनवरच रेंगाळतात, आणि हे होतं बरोबर २२०० ते २८०० मध्ये. मी हात मधोमध लावत होतो म्हणून मला कधी दिसलंच नाही.

काका, कुठे बघायचं ते तुम्ही सांगितलंत, मनापासून आभार. तरी माझं मत तेच आहे, दीड किलोचा फरक मला गेजनेच दिसला. नळीनेही ऐकलं, आणि खरं सांगतो, पेडल दाबून इंजिनाच्या आवाजात मला दोन्ही सारखेच वाटले.

उद्यमनगर_कोल्हापूर
तुला सारखे वाटले कारण तू एका घशाशी सावकाश ऐकून मग दुसऱ्याकडं जातोस. नळी झटकन इकडून तिकडं न्यायची असते, कानात पहिला आवाज शिल्लक असतानाच. आणि नळी घशाच्या मधे नाही, प्रत्येक ट्रम्पेटच्या कडेला त्याच एका जागी धरायची, बोटभर जरी सरकली तर आवाज बदलतो. गेज वापरणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण ज्याच्याकडं गेज नाही त्यानं काम सोडून द्यायचं का? खेड्यातल्या पोराला नळी दहा रुपयात मिळते.

आणि जाडा रॉड घालू नकोस, वजन वाढेल आणि पीळ थोडा राहीलच. केबल मधे आण. दोन कार्बच्या मधे बेलक्रँक (खिळ्यावर फिरणारा लिव्हर) बसव, तिथून दोन्हीकडं सारख्या लांबीच्या दोन छोट्या लिंक. स्प्रिंग दोन्हीकडं एकसारखं.

इंजेक्शन_ठाणे
बेलक्रँकचं शंभर टक्के बरोबर, माझ्या थ्रॉटल बॉडीवर पण तसंच आहे. अजून माझं मत इंजेक्शनच, पण हे वाचून मी पण पेडलवरून तपासणार आहे, मी सुद्धा हातानेच उचललं होतं.

डबलबॅरल_पुणे
बेलक्रँक भोसरीत एका लेथवाल्याकडे टाकलाय, शनिवारी मिळेल. जेट अजून आले नाहीत, आणि बरंच आहे, दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी लिंकेज, मग खंबाटकी चढून बघतो, मग १२०. रीडिंग पेडलवरूनच घेईन, स्लोला, १५०० ला आणि २५०० ला, आणि इथे टाकतो. काका, नळीनेही ऐकून लिहीन.