मदत हवी आहे : सासूबाई डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ एवढेच म्हणतात

नमस्कार. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांना बारा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. तपासणीला मीच त्यांच्याबरोबर जाते. डॉक्टर स्वभावाने चांगले आहेत, परंतु “काय होतंय?” हे ते माझ्याकडे पाहून विचारतात. सासूबाई तोवर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसतात आणि थेट विचारलेच, तर “बरं आहे” म्हणून मोकळ्या होतात.

मागच्या खेपेला रक्तदाब १७० च्या घरात निघाला, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली. घरी आल्यावर रक्तदाबासाठीच दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची पट्टी जवळजवळ भरलेलीच सापडली. खोदून विचारले तेव्हा कळले की खोकताना-शिंकताना त्यांना दोन वर्षांपासून लघवी सुटते, त्यामुळे बाहेर जायचे असले की त्या ती गोळी टाळतात, आणि तपासणीचा दिवसही बाहेर जाण्याचाच असतो. यावर स्नायूंच्या व्यायामापासून अनेक उपाय आहेत. पण “या वयात व्हायचंच” असे त्यांनी धरून ठेवले होते. १९८४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडतात असे दिसले होते. आमच्याकडे मात्र (हे लिहिताना लाज वाटते) त्यांना तोडणारी मीच होते.

प्रश्न केवळ लाजेचा नसावा. माझी आई निवृत्त शिक्षिका आहे, ती प्रश्न कागदावर लिहून नेते आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठत नाही. उलट, ओळखीच्या एका आजींची भाषा डॉक्टरांना येत नाही म्हणून त्यांचा नातू दुभाष्या होतो. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले तर ते तपासून घ्यावेच लागते, पण ते नातवाच्या तोंडून वदवायचे कसे?

ज्यांना असा अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे : सुरुवातीची काही मिनिटे मी बाहेर थांबले तर चालेल का? सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येते, हेही लक्षात घ्यावे. शिवाय गोळी कधी, कशी घ्यायची ते त्यांच्याच तोंडून परत म्हणवून घ्यावे, असे डॉक्टरांना न दुखावता कसे सुचवावे? पुढची तपासणी आठ दिवसांवर आहे. लघवीच्या त्रासाची चिठ्ठी लिहायला सासूबाई तयार झाल्या आहेत, मात्र ती डॉक्टरांच्या हाती त्यांनी द्यायची की मी, इथे आमचे अडले आहे.