टॉप गिअर टिकत नाही, पाय काढला की न्यूट्रल. गिअरबॉक्स उतरवावा का?

कपाशीवाला:

मंडळी, मदत हवी आहे. गाडी सहाचाकी, पाच गिअरची, २०११ ची. मी चौथा मालक. घाटंजीकडच्या गावांतून कापूस भरून वणी, हिंगणघाटच्या जिनिंगला नेतो. आमच्याकडं सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन पहिला वेचा सुरू झालाय, म्हणजे कमाईचे दिवस आत्ताचे, आणि नेमकी आत्ताच गाडी नखरे करून राहिली.

पाचवा, म्हणजे टॉप, पडतो बरोबर, कुरकुर नाही. अ‍ॅक्सिलेटर दाबलेला असला की टिकतो. उतार लागला, पाय काढला, की टक् होते, लिव्हर दोन बोटं मागं येते आणि गाडी न्यूट्रल. मागच्या आठवड्यात ४४ नंबर हायवेवर पांढरकवड्याच्या अलीकडं भरल्या गाडीत हेच झालं. कापसाची भरती दिसायला डोंगर, वजनाला हलकी म्हणतात, पण मागून ढकलायला लागली की हलकी वाटत नाही. ब्रेक मारत मारत चौथ्यात घेतली. क्लीनर पोरगं त्यानंतर चहापर्यंत बोललं नाही.

जुगाड म्हणून जुन्या ट्यूबचा रबर कापून लिव्हरला गुंडाळला आणि सीटच्या पाइपाला ताणून बांधला. पंधरा दिवस चाललं. आता रबर असूनही निसटतो.

एक ते चार ठीक. चौथ्यात बॉक्सची घरघर आहे, पाचवा पडला की ती बंद होते, हे पहिल्यापासूनचं. ऑइल काढून ८० डब्ल्यू ९० नवीन टाकलं. ऑइल काढायच्या नटाच्या चुंबकावर काळी लापशी नेहमीच असते, या वेळी तिच्यात तांदळाच्या कणीएवढे लोखंडाचे दोन तुकडे निघाले. काढलेल्या ऑइलमध्ये पितळी चमकही होती.

गावचे मिस्त्री म्हणतात, "भाऊ, टॉपचा पुरा सेट गेला. बॉक्स खाली घ्या लागते." दुसरे म्हणाले, "काहून खोलून राहिले बावा? लिव्हरच्या रॉडची सेटिंग हाय, एक आटा फिरवतो." फिरवला. एक दिवस बरं वाटलं, मग टॉप पुन्हा तसाच आणि वरून चौथा जड झाला. तो आटा मीच परत उलटा फिरवला.

नागपूरला वाडीला नेऊन खोलायचं म्हणजे आठवडा गेला, आणि हप्ता काही थांबत नाही. बॉक्स न उतरवता नेमकं काय गेलं ते कळू शकते का?

जुना क्लीनर:

आधी तो रबर काढा, आजच. गिअर पुरा बसला की स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आपल्या दातांवर अडकून राहते, तिला सरकवणारा फोर्क खाचेत मोकळा असतो. तुम्ही रबरानं ओढून धरला म्हणजे फोर्क फिरत्या स्लीव्हवर दिवसभर घासत बसला. पितळी चमक फोर्कच्या पॅडचीही असू शकते, सिंक्रोच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) रिंगचीच असेल असं नाही. आणि खरं सांगा, गाडी चालवताना डावा हात लिव्हरवरच असतो ना?

कपाशीवाला:

असतो. वीस वर्षांची सवय आहे दादा.

लेथवाला:

चौथ्यातली घरघर पाचव्यात थांबते, यावरून तुमचा टॉप डायरेक्ट दिसतो. त्यात इंजिनकडून येणारा शाफ्ट आणि मेन शाफ्ट सरळ एकमेकांना कुलूप होतात. खालचा काउंटर शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर लोड नसतो. म्हणून 'पुरा सेट गेला' यावर लगेच मान डोलावू नका. गेलंय ते कुलूप: स्लीव्ह, पुढच्या (इंजिनकडच्या) गिअरचे डॉग दात, म्हणजे स्लीव्ह ज्यांवर चढते ते छोटे दात, फोर्क, नाहीतर दोन शाफ्टच्या मधलं पायलट बेअरिंग. पाय काढल्यावर लोड दातांच्या दुसऱ्या बाजूवर जातो. ती बाजू तिरपी झिजली असली की स्लीव्ह घसरून मागं येते.

बॉक्स न उतरवता एवढं करा. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, गिअर न्यूट्रलला. केबिन उचला आणि बॉक्सचं वरचं झाकण खोला. बहुतेक बॉक्समध्ये फोर्क झाकणासोबतच वर येतात. स्प्रिंग आणि गोळ्या उडतात, खाली फडकं धरा. आता स्लीव्ह हातानं पुढं, टॉपमध्ये ढकला. डॉग दात पूर्ण झाकले गेले, म्हणजे स्लीव्ह शेवटपर्यंत जाते. मग दोष फोर्कमध्ये किंवा रॉडमध्ये. तरी दातांची टोकं टॉर्चनं पाहा. चौकोनी दिसली तर सुटलात. गोल झाली असली तर बॉक्स खाली घ्यावाच लागेल, कारण तो गिअर पुढून निघतो.

घाटवाट:

गिअर चढावर, जोर लावताना सुटला असता तर मी आधी इंजिनचं माउंटिंग पाहायला सांगितलं असतं. त्याचं रबर दबलेलं असलं की इंजिन लोडवर झुकतं आणि रॉडला ओढतं. तुमचं उलट आहे. तरी क्लच हाउसिंगचे बोल्ट ताणून घ्या, पान्याला पाच मिनिटांचं काम आहे.

कपाशीवाला:

काल झाकण खोललं. टॉपच्या फोर्कचं एक टोक दुसऱ्यापेक्षा निम्मं राहिलंय, आणि खाचेत असा खुळखुळतो की हातात धरून वाजवावा. स्लीव्ह हातानं पूर्ण जाते. म्हणजे फोर्क तिला अर्धीच नेत होता आणि मी अर्ध्या दातांवर गाडी चालवत होतो. त्यापायी डॉग दातांची टोकं गोल झालीत, जेवढी स्लीव्ह चढत होती तेवढीच. तिथून मागं दात कोरे, जणू काल बसवले. दोन्ही मिस्त्री अर्धे अर्धे बरोबर निघाले.

गाडी आमच्याच मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी केली. चार दिवसांसाठी दुसऱ्याची गाडी भाड्यानं घेतली, जिनिंगचा नंबर जाऊ द्यायचा नव्हता. आता पुढचा गिअर भंगारातला मिळून राहिला, दात चांगले आहेत. घेऊ का?

लेथवाला:

घ्या, पण दात मोजून. एकाच मॉडेलच्या दोन बॉक्समध्येसुद्धा दातांचा आकडा वेगळा निघतो. काउंटर शाफ्टचा जोडीदार गिअर त्याच बॉक्समधला मिळाला तर दोन्ही घ्या, जुन्याशी नवा लावला की घरघर वाढते. स्लीव्ह, सिंक्रो रिंग आणि फोर्क मात्र नवेच. पायलटचे रोलर सुटे असतील तर काढतानाच मोजून डबीत ठेवा. बसवताना ग्रीसनं आत चिकटवायचे, नाहीतर एखादा खाली ऑइलमध्ये पडतो आणि बॉक्स पुन्हा उतरतो.

कपाशीवाला:

झालं काम. दात जुळले, जोडी एकाच बॉक्समधली मिळाली. एक रोलर खरोखरच पडला होता. मिस्त्रींनी स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून विहिरीतून कळशी काढावी तसा वर काढला. काल हिंगणघाट करून आलो, सगळ्या उतारांवर पाय काढून पाहिला, लिव्हर हलली नाही. हात मात्र अजून तिकडंच जातो.

लेथवाला:

५०० किलोमीटरला ऑइल काढून चुंबक पाहा. कणी दिसली तर फोटो टाका.