सिक्रेट सँटा, पाचशेचं लिमिट आणि ट्रेकवाले (सोसायटीचा ग्रुप, वसई)

राजन ए-१०१: नमस्कार मंडळी. सिक्रेट सँटाची चिठ्ठी काढल्यापासून डोकं खाजवतोय, नाव निघालं त्याला नाताळात गुपचूप गिफ्ट द्यायचं. माझ्या वाट्याला ट्रेकवाला मेंबर आलाय. पाचशेच्या लिमिटमध्ये ह्या लोकांना नक्की काय देतात कोणी सांगेल का?? मागच्या नाताळात जे झालं ते परत नको

मिहीर सी-४०३: 😂😂 काका सिक्रेट सँटा आहे हो. सिक्रेट

राजन ए-१०१: मी नाव कुठे घेतलं

मिहीर सी-४०३: बिल्डिंगमध्ये ट्रेकवाले तीनच. मी, प्रणालीताई, जॉन्सनदादा. आणि काल लिफ्टमध्ये तुम्ही माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होतात

ग्लॅडीस आंटी बी-२०४: राजनभाऊ तुम्ही पण ना!! चिठ्ठ्या परत काढणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. माझ्या नेवऱ्या व्हायच्यात, पोरांचा येशूजन्माचा गोठा (क्रिब) अर्धाच झालाय, त्यात हे

वर्तक काका ए-३०१: टेरेसची किल्ली रविवारपासून वॉचमनकडे नाही. तंबू वाळत घालण्यासाठी नेली होती असे समजते. ज्यांच्याकडे असेल त्यांनी परत करावी.

सुषमा वहिनी बी-१०२: मागच्या नाताळात काय झालं राजन भावजी? स्पष्ट बोला ना. मी दिलेल्या टेंटबद्दल म्हणताय ना

राजन ए-१०१: अहो वहिनी मी जनरल बोललो

सुषमा वहिनी बी-१०२: जनरल नाही. लिमिट पाचशे असताना मी पदरचे पैसे घालून टेंट दिला, थँक्यू सोडाच, वर्षभर जिन्यात, पार्किंगमध्ये, हळदीकुंकवाला सुद्धा "गळका टेंट" "गळका टेंट" ऐकतेय

जॉन्सन बी-४०२: वहिनी खरं सांगू का, तो गळलाच नाही. तांदुळवाडीला आम्ही झोपलो त्या रात्री पाऊस नव्हता, डिसेंबर होता. तो सिंगल लेयरचा टेंट आहे, आत दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार, बाहेर थंडी, त्यात थंडी वाजते म्हणून आम्ही खिडकीची चेन पूर्ण बंद केली, मग ती सगळी वाफ आतल्या कापडावर धरली आणि पहाटे टपटप तोंडावर. चांगल्या टेंटला दोन थर असतात, आतला जाळीचा आणि वरून फ्लाय म्हणजे बाहेरचं कापड, पाणी धरलं तरी ते बाहेरच्या थरावर धरतं. सिंगल लेयरमध्ये खिडकी थोडी उघडी ठेवायची एवढंच

सुषमा वहिनी बी-१०२: मग हे वर्षभर का नाही सांगितलंत??

जॉन्सन बी-४०२: कोणी विचारलं नाही 🙏

दीपक सी-१०१: मॅटर क्लोज्ड. आता गिफ्ट बोला. मी म्हणतो परफ्यूम सेट, सुगंधी मेणबत्त्या किंवा छोटा ब्लूटूथ स्पीकर. पाचशेत तिन्ही बसतात, सेल चालू आहे

प्रणाली ए-२०४: दीपकदादा तिन्ही नको प्लीज 😅 परफ्यूम लावून कड्याखालून गेलात आणि वर आग्या मोहोळ असलं तर पळायला जागा नसते, उग्र वासाने आणि धुराने माश्या चवताळतात. मेणबत्ती टेंटमध्ये लावायची? नायलॉन आहे तो, ठिणगी पडली तरी भोक. आणि स्पीकरबद्दल न बोललेलं बरं, गडावर पहाटे चार वाजता दुसऱ्याच्या स्पीकरवर डीजे ऐकल्यावर कळेल

दीपक सी-१०१: मग ट्रेकवाल्यांना आवडतं तरी काय, दगड?

मिहीर सी-४०३: दगड फुकट मिळतात

वर्तक काका ए-३०१: टेरेसची किल्ली रविवारपासून वॉचमनकडे नाही. कृपया परत करावी. (दुसरी वेळ)

प्रणाली ए-२०४: राजनकाका, तुमची चिठ्ठी कोणाची का असेना, हेडलॅम्प द्या. चारशे-पाचशेत बरा मिळतो. फार मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका, पॅकेटवर हजारो ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात ते सोडून द्या, शंभर-दोनशे ल्युमेनचा खरा असला तरी पायवाटेला भरपूर होतो. लाल लाइटचा मोड असला तर बेस्ट, रात्री शेजारच्याच्या डोळ्यावर मारा होत नाही. सेलवाला घेतलात तर घरी आल्यावर सेल काढून ठेवायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी आत हिरवा चिकटा सापडतो

राजन ए-१०१: मोबाइलला टॉर्च असतो ना पण?

जॉन्सन बी-४०२: कळसूबाईच्या शिड्या अंधारात चढताना मोबाइल धरायचा की शिडी?

वर्तक काका ए-३०१: चिमाजी अप्पांनी १७३९ साली आपला वसईचा किल्ला घेतला तेव्हा त्यांच्याकडे हेडलॅम्प होते का? आजच्या पिढीला प्रत्येक गोष्टीला वस्तू लागते.

मिहीर सी-४०३: काका त्यांना टेरेसची किल्ली पण लागत नव्हती

ग्लॅडीस आंटी बी-२०४: मिहीर!! मोठ्यांशी असं बोलतात?

वर्तक काका ए-३०१: बोलू द्या हो. किल्ली मिळाली की मीही हसेन.

सॅव्हिओ सी-२०२: दोरी कशी राहील? आणि ती हुकवाली क्लिप, कॅराबिनर. स्टेशनजवळ दीडशेला रंगीत मिळतात, दिसायला भारी

प्रणाली ए-२०४: सॅव्हिओ ती किचेनवाली आहे. हातात घेऊन नीट बघ, बारीक अक्षरात "नॉट फॉर क्लाइंबिंग" कोरलेलं असतं. खऱ्या कॅराबिनरच्या पाठीवर किती किलोन्यूटन भार घेईल ते कोरलेलं असतं, उभा किती, आडवा किती, गेट (उघडणारी दांडी) उघडं असताना किती. बाटली अडकवायला दीडशेची चालेल पण गिफ्ट मिळाली म्हणून उद्या एखादा पोरगा त्याला लटकेल. दोरीचं तर तेच, कपडे वाळत घालायची नायलॉन दोरी आणि क्लाइंबिंगची दोरी ह्यात फरक आहे, क्लाइंबिंगची पाचशेत येतच नाही

सॅव्हिओ सी-२०२: ओके मॅम 🫡

निलेश सेक्रेटरी ए-४०१: कृपया लक्ष द्या. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. उद्या सकाळी टँकर उशिरा येणार आहे, पाणी जपून वापरावे.

सुषमा वहिनी बी-१०२: सेक्रेटरीसाहेब, गणपतीत तुमच्या मेहुण्याच्या फरसाणची जाहिरात तीन दिवस चालू होती तेव्हा ग्रुप कशासाठी होता?

निलेश सेक्रेटरी ए-४०१: वहिनी ते सोसायटीसाठी डिस्काउंट होतं.

दीपक सी-१०१: डिस्काउंट मला नाही मिळालं

राजन ए-१०१: अहो मूळ मुद्दा. शूज दिले तर? माझ्या भावाच्या दुकानात मिळतील

जॉन्सन बी-४०२: राजनभाऊ शूज आणि सॅक कोणाला सरप्राइज देऊ नका. उतरताना अंगठा पुढे आपटतो म्हणून अर्धा नंबर मोठा लागतो, मोजे घालून दुकानात चालून बघावं लागतं, आणि सॅक तर पाठीच्या लांबीवर बसते, माझी सॅक प्रणालीच्या कमरेखाली जाईल. मोजे द्या. खरंच सांगतो. कॉटनचे नको, कॉटन घाम धरून ठेवतं आणि टाचेला फोड येतात, लोकर मिक्स किंवा सिंथेटिकचे दोन जोड, ह्यासारखं गिफ्ट नाही

दीपक सी-१०१: नाताळात मोजे. सँटाने मोज्यात गिफ्ट टाकायचं असतं, मोजेच गिफ्ट 😂

ग्लॅडीस आंटी बी-२०४: मोजे चांगले. माझ्या फ्रान्सिसला कोणी दिले तर मी स्वतः थँक्यू म्हणेन

मिहीर सी-४०३: मला ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी पिशवी) पण चालेल, कोणी विचारत असेल तर. दहा लिटरची. तोंड तीन-चार घड्या घालून दुमडायचं आणि क्लिप लावायची. पावसाळ्यात झोपायचे कपडे कोरडे राहिले तर अर्धा ट्रेक जिंकला

राजन ए-१०१: म्हणजे तुझीच चिठ्ठी माझ्याकडे आहे हे तू धरूनच चाललायस

मिहीर सी-४०३: पंखा काका पंखा

वर्तक काका ए-३०१: टेरेसची किल्ली रविवारपासून वॉचमनकडे नाही. (तिसरी वेळ) ओला तंबू वाळवायचाच असेल तर स्वतःच्या गॅलरीत वाळवावा.

प्रणाली ए-२०४: काका चार माणसांचा टेंट गॅलरीत उघडत नाही हो, आणि ओला तसाच घडी करून ठेवला तर काळी बुरशी धरते आणि मग तो वास जन्मात जात नाही. म्हणून टेरेस. पण किल्ली माझ्याकडे नाही, मी रविवारी घरीच होते

सुषमा वहिनी बी-१०२: मी पण सुचवते, चालत असेल तर. स्लीपिंग बॅग? ऑनलाइन उणे दहा डिग्रीवाली दिसतेय, खूप गरम असणार

जॉन्सन बी-४०२: वहिनी आयडिया छान आहे पण पाचशेत नाही येणार, आणि उणे दहाची सह्याद्रीत ओझं होते, हरिश्चंद्रगडावर थंडीत साधारण सात-आठ डिग्रीपर्यंत जातं, पाच कम्फर्टची पुरते. बॅगेवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट, दुकानदार लिमिटचा सांगतो कारण तो जास्त भारी वाटतो. लिमिटला माणूस मुटकुळं करून कसाबसा झोपतो, कम्फर्टला नीट झोपतो. बघायचा तो कम्फर्टचा

सुषमा वहिनी बी-१०२: मागच्या वर्षी हे असं सांगितलं असतं तर टेंटपण बघून घेतला असता

जॉन्सन बी-४०२: वहिनी टेंट आजही वापरतो. खिडकी उघडी ठेवून

ग्लॅडीस आंटी बी-२०४: प्रणाली तू तर उत्तराखंडात केदारकांठाला चाललीयस ना नाताळच्या आठवड्यात? तिथे काय लागतं ते पण लिही, म्हणजे सँटाला कळेल 😉

प्रणाली ए-२०४: आंटी तुम्ही पण 🙈 हो २६ ला निघतेय, पायथ्याच्या सांकरी गावाला पोहोचून मग चढायचं, १२,५०० फूट, बर्फ असणार. माझं जवळपास सगळं झालंय. पण कोणी विचारत असेल तर, कोणी विचारत असेल तर हां, शिट्टी. साधी, आत गोळी नसलेली, शंभरच्या आत मिळते. धुक्यात हाक पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की मदत हवी. उत्तर तीन शिट्ट्यांचं

दीपक सी-१०१: आणि गॅसचा छोटा सिलेंडर? शेगडीसकट येतो तो

प्रणाली ए-२०४: विमानात नेता येत नाही, ना हँडबॅगेत ना चेक-इनमध्ये. ट्रेनमध्ये पण गॅस चालत नाही. मग कपाटात पडून राहणार. इथल्या इथे गाडीने जाणाऱ्याला ठीक, पण त्याच्यासोबत एक सांगणं फुकट द्या, टेंटच्या आत पेटवायचा नाही. कोळशाची शेगडी तर अजिबात नाही, झोपेत विषारी वायू भरतो, वास पण येत नाही

वर्तक काका ए-३०१: हे मात्र बरोबर. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून लोक गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. सर्वांनी वाचावे.

मिहीर सी-४०३: काकांनी किल्लीशिवाय मेसेज टाकला. स्क्रीनशॉट घेतलाय

वर्तक काका ए-३०१: टेरेसची किल्ली. (चौथी वेळ)

फ्रान्सिस बी-२०४: सॉरी टू डिस्टर्ब. मम्मीने आता विचारलं म्हणून बघितलं. किल्ली माझ्या बॅगेत आहे. रविवारी स्टार कंदील लावायला गेलो होतो वर. टेंटवाल्यांचा काही संबंध नाही

प्रणाली ए-२०४: 🙂

जॉन्सन बी-४०२: 🙂

वर्तक काका ए-३०१: कंदील लावायला हरकत नाही. पण वॉचमनच्या वहीत सही करून किल्ली न्यावी ही पद्धत आहे.

सुषमा वहिनी बी-१०२: टेंटवाल्यांना चार वेळा ऐकवलं त्याचं काय? आमच्यावर आळ आला की वर्षभर, दुसऱ्यावर आला की पद्धत 😌

वर्तक काका ए-३०१: मी "असे समजते" असे लिहिले होते.

निलेश सेक्रेटरी ए-४०१: कृपया विषय इथेच थांबवावा. टँकर आता दुपारी येईल.

ग्लॅडीस आंटी बी-२०४: फ्रान्सिस किल्ली आत्ता खाली देऊन ये. आणि सगळ्यांनी ऐका, गिफ्ट पाचशेच्या वर नको म्हणजे नको, कोणी पदरचे घालायचे नाहीत, मग वर्षभर पुरतं सगळ्यांना. २४ ला संध्याकाळी सात वाजता क्लब हाऊसमध्ये, मिडनाइट मिस्साला जाणाऱ्यांना साडेनऊला सोडेन. गिफ्टवर नाव लिहायचं पण कोणी दिलं ते लिहायचं नाही

राजन ए-१०१: एक शेवटचं. हेडलॅम्पमध्ये सेलवाला की चार्जिंगवाला?

जॉन्सन बी-४०२: एका रात्रीला चार्जिंगवाला. बर्फात किंवा दोन-तीन रात्री जायचं तर सेलवाला, जास्तीचे सेल खिशात ठेवता येतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते

राजन ए-१०१: बर्फात जाणारी एकच आहे ना बिल्डिंगमध्ये?

प्रणाली ए-२०४: राजनकाका!!!!

मिहीर सी-४०३: म्हणजे माझी चिठ्ठी काकांकडे नाहीच??

ग्लॅडीस आंटी बी-२०४: मी हात टेकले

दीपक सी-१०१: रॅपिंग पेपर कोणाकडे उरलाय का? स्टेशनला सगळीकडे स्नोमॅनवालाच आहे, मला साधा लाल हवाय