गाडी चोरीची फिर्याद दिली, आता पुढे काय?

सातपूरकर:
गेल्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमधून रात्री माझी स्प्लेंडर गेली. हँडल लॉक होतं तरी. सकाळी पोलीस ठाण्यात गेलो, फिर्याद दिली, सही केली, नक्कल मिळाली. "बघतो, फोन करू," म्हणाले. त्यानंतर सगळं शांत. पंचनाम्यालाही कुणी फिरकलं नाही. अंबडला पहिली पाळी असते, पहाटे रिक्षाही मिळत नाही. रोज ठाण्यात जाऊन बसू का, की त्यानं उलट चिडतील? विमा आहे, पण कंपनीवाले पोलिसांचा 'शेवटचा कागद' मागतात. तो कुठला?

निवृत्त हवालदार:
मी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बरीच वर्षं बसलोय, म्हणून सांगतो. आधी नक्कल नीट वाचा. वर गु.र.नं. (म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर) आणि चोरीचं कलम, न्याय संहितेचं ३०३(२), असेल (जुन्या भादंविचं ३७९), तर गुन्हा दाखल झालाय. काही ठिकाणी नुसता गहाळ दाखला देऊन बोळवण करतात. मोटारसायकल काय खिशातून पडते?

त्याच नकलेत तपासी अंमलदाराचं नाव असतं. फिर्याद लिहून घेणारा आणि तपास करणारा एकच असतो असं नाही. "फोन करू" म्हणणारे बहुतेक त्या दिवशीचे ड्युटीवाले असणार, त्यांच्याकडे तुमची केस नाहीच. रोज जाऊन बसू नका. तपासी अंमलदारांना फोन करा, वेळ घ्या, मग जा. बंदोबस्त लागला की माणूस टेबलावर सापडत नाही.

सीसीटीव्हीचं मात्र आजच बघा. डीव्हीआरवर जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. सेक्रेटरींना सांगून त्या रात्रीचं काढून ठेवा. पंचनाम्याला दोन पंच लागतील. सही म्हटलं की शेजारी एकदम कामात असतात, तेव्हा आधीच विचारून ठेवा. आणि नव्या कायद्यानं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे, तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवावंच लागतं. भांडू नका, पण माहीत असू द्या.

विमावाली ताई:
दादा, तो कागद म्हणजे 'ए समरी'. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा अहवाल पोलीस कोर्टात पाठवतात आणि कोर्ट तो मंजूर करतं. याला महिने जातात. पण कंपनीला लेखी कळवायला त्याची वाट बघू नका, उशीर झाला की तिथेच अडवतात. आरटीओलाही पत्र द्या, पोच घ्या. दोन्ही मूळ चाव्या मागतील.

सातपूरकर:
फोन केला. तपास खरंच दुसऱ्याच हवालदारांकडे आहे, उद्या पंचनाम्याला येतायत. पण ए समरी झाली आणि नंतर गाडी सापडली तर?

निवृत्त हवालदार:
तपास पुन्हा उघडता येतो. गाड्या बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यात बेवारस मिळतात, नंबरप्लेट बदललेली, मग इंजिन-चासी नंबरवरून ओळखतात. सापडली तरी ठाण्यातून थेट हातात देत नाहीत, ती मुद्देमाल, म्हणजे केसमधला पुरावा असते. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशी हमी लिहून देऊन सोडवायची, आणि केस संपेपर्यंत विकायची नाही, रंगही बदलायचा नाही. विम्याचे पैसे आधीच घेतले असतील तर ती कंपनीची. आरसी घरात आहे ना?

सातपूरकर:
आरसी आहे. दुसरी चावी मालेगावला भावाकडे. रविवारी आणतो.