सीझरमध्ये पायाळू बाळाच्या मांडीचं हाड मोडलं, कुणाला अनुभव?

सांगलीकर_मामा: ताईचं सीझर होऊन आज सहावा दिवस. बाळ पायाळू म्हणून सीझर केलं, तेव्हा सगळे म्हणत होते की आता बाळाला कसला धोका नाही. दुसऱ्या दिवशी दुपटं बदलताना बाळ कळवळून रडायला लागलं, उजवा पाय हलवेना, मांडी टम्म सुजलेली, एक्सरे काढला तर हाड मोडलेलं. आता खांद्यावरून पट्टे घेऊन पाय बेडकासारखे दुमडून ठेवलेत, पाव्हलिक हार्नेस म्हणतात त्याला. दाजी भांडायला निघालेत. पोट उघडून काढताना हाड मोडतंच कसं? पाय आखूड राहील का?

ओटी_सिस्टर: सीझरमध्ये पण बाळ अडकतं हो. पाणी निघून गेलं की पिशवी बाळाला आवळून धरते, त्यात ढुंगण पुढं आणि पाय वर ताणलेले असले की बोट घालून गुडघा दुमडून पाय खाली घ्यावा लागतो, तिथं मांडीवर जोर येतो. कधी हात काढताना दंडाचं नाहीतर गळपट्टीचं हाड मोडतं. क्वचित होतं पण होतं. चूक असतेच असं नाही, नसतेच असंही नाही, दाजींना म्हणावं आधी ऑपरेशनचे कागद मागा. आणि एकापेक्षा जास्त हाडं मोडलेली असली तर हाडं मुळातच ठिसूळ आहेत का तेही विचारा.

कराडची_आई: आमच्या लेकाचं सेम! तीन आठवड्यांच्या एक्सरेत मोडल्या जागी कापसाच्या बोंडाएवढी गाठ दिसली, मी रडायला लागले तर डॉक्टर हसले, म्हणाले हाड जुळलंय, हीच ती गाठ. थोडं वाकडं होतं ते वाढीबरोबर सरळ झालं. आता पाच वर्षांचा आहे, भिंतीवरनं उड्या मारतो. मालिशवाल्या आजींना मात्र त्या पायाला हात लावू देऊ नका, आमच्या सासूबाईंशी यावरनं चार दिवस अबोला होता. आणि पायाळू बाळाचा खुबा सरकलेला असू शकतो, सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करून घ्या.

सांगलीकर_मामा: आभार ताई. आंघोळीला पट्टा काढायचा का?

कराडची_आई: अजिबात नाही, डॉक्टर सांगेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसायचं. आमच्या गल्लीत तर उसण भरलेल्या दोन आज्या तेव्हापासूनच नंबर लावून बसल्यात, पायाळूची लाथ पाहिजे म्हणून 😄